बाहेर बसायचं बसकर

शिकारीला जाणारे पुरुष गप्पांना बसले की बंदुकीबद्दल बोलतात, काडतुसांबद्दल बोलतात, वाऱ्याच्या दिशेबद्दल तर फारच बोलतात. बुडाखाली काय घ्यायचं याबद्दल अवाक्षर नाही. खरं म्हणजे खाडीवरच्या बदकांच्या शिकारीत बंदूक चालते ती दोन-चार मिनिटं. उरलेला सगळा वेळ माणूस ओल्या चिखलात नुसता बसून असतो. माझ्या वडिलांच्या हे बरंच उशिरा लक्षात आलं, कारण तोवर त्यांना मूळव्याध नव्हती.

आम्ही ठाण्याला राहायचो. बाबा कचेरीत नोकरीला होते. मटण-मासळी आमच्यात चालायची, आणि आजोबांपासून आलेली एक दुनळी बंदूक घरात होती. थंडीच्या दिवसांत रविवारी ती पाठीला लावून बाबा सायकलने कोलशेतला जात. मी सांगते आहे ते एकोणीसशे पन्नासच्या पुढच्या एक-दोन हिवाळ्यांतलं. मी मॅट्रिक होऊन घरी होते आणि घर मीच चालवत होते.

कोलशेतला मिठागरांचे बांध जिथे संपतात तिथे तिवरांच्या झुडपांमध्ये चिखलाचा एक उंचवटा होता. ती बाबांची जागा. सकाळी ओहोटी असली की तिथवर चालत जाता यायचं. मग भरती लागली की बदकं पाण्याबरोबर आत सरकत आणि बंदुकीच्या टप्प्यात येत. जागा उत्तम होती, फक्त तिच्यात एक खोट होती. पाणी समोरून चढताना दिसायच्या आधी ते पाठीमागच्या ओहोळात भरायचं. समोर खाडी अजून लांब आहे असं वाटत असताना मागे परतीची वाट बुडालेली असायची. उधाणाच्या दिवशी तर उंचवटाच पाण्याखाली जायचा. आणि तिथल्या चिखलात कंबरेपर्यंत रुतलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर निघता येत नाही. बाहेरून कुणी हात द्यावा लागतो. तेव्हा वेळेवर उठणं ही त्या जागेची एकच अट होती, आणि बाबा ती इतकी वर्षं पाळत आले होते.

आई होती तेव्हा या बसण्यावरून आमच्याकडे एक विनोद चालायचा. महिन्याचे ते दिवस बाई घरात कशाला शिवत नसे, त्याला 'बाहेर बसणं' म्हणत. आई मागच्या पडवीत बसायची. मी तिच्या पेल्यात वरून चहा ओतायची. चौथ्या दिवशी पहाटे उठून बंब पेटवायचा, मोरीत पाणी काढायचं आणि पडवीच्या दारातून हाक मारायची, "आई, ऊठ, पाणी काढलंय," हेही माझंच काम. बाबा शिकारीला जाण्यालाही 'बाहेर बसणं'च म्हणायचे. एखाद्या रविवारी दोन्ही जुळून यायचं. मग शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "कुठायत गं तुझे आईवडील?"

"दोघंही बाहेर बसलेत."

काकू पदर तोंडाला लावायच्या. पडवीतून आईचा आवाज यायचा, "हसता काय? ते बाहेर बसून आले की लोक विचारतात, काय मिळालं. मी बसले की विचारतात, कधी उठणार!"

बाहेर बसलेल्या बाईला कुणी गादी देत नसे. गोणपाट नाहीतर घोंगडीचा तुकडा. आई ते मानणारी नव्हती. येऊरच्या डोंगरातून मोळ्या विकायला येणाऱ्या बाईकडून तिने सावरीची बोंडं मागवली, त्यांतला कापूस काढला, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाच्या जाड कापडात भरून स्वतःसाठी एक बसकर शिवलं. ऐसपैस, चौकोनी, मध्ये मध्ये दोऱ्याचे टाके घालून. उचललं तर हातात काही आहे असं वाटू नये इतकं हलकं. सावरीचा कापूस तेलकट असतो, पाणी लवकर धरत नाही. पिळून उन्हात टाकलं की दुपारपर्यंत पुन्हा फुगायचं. "दिवसभर एका जागी बसायचं म्हणजे चेष्टा नाही," ती म्हणायची. "ज्याला बसावं लागतं त्यालाच बसकर कळतं."

ती गेली ती त्याच बसकरावर. ताप होता. बाबा म्हणाले, आत घेऊ, काय होतं? तीच म्हणाली, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या न्हाऊन येतेच की." चौथ्या दिवशी पहाटे मी बंब पेटवला, पाणी काढलं, आणि हाक मारायला पडवीत गेले तर ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेलेली होती. भटजींनी आंघोळीचं जे काय शास्त्र असतं ते उरकलं, घाईतच. मी काढलेलं पाणी मोरीत तसंच गार झालं, ते संध्याकाळी कुणीतरी ओतून दिलं.

अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं. बसकर 'बाहेरचं' म्हणून कुणी घेईना. मी ते धुऊन, वाळवून माळ्यावर टाकलं.

पुढच्याच हिवाळ्यात बाबांची मूळव्याध बळावली. डॉक्टरांनी सांगितलं, ओल्या जमिनीवर बसणं बंद. बाबांनी त्याचा अर्थ असा लावला की जमिनीवर बसायचं नाही, कशावर तरी बसायचं. झालं, शोध सुरू झाला.

पहिल्यांदा त्यांनी जेवणाचा पाट नेला. तो सायकलला बांधून नेईपर्यंतच त्यांचा जीव गेला, आणि चिखलात तो असा चिकटला की उठताना 'पचाक' असा आवाज झाला आणि होती नव्हती तेवढी बदकं उडाली. पाट मी राखेने घासला तरी चार दिवस जेवताना खाडीचा वास. मग घोंगडी चौघडी करून नेली. ऊब चांगली, बसायला मऊ, पण घोंगडी पाणी प्यायली की पिऊनच राहते. परत येताना ती एकटीच बाबांहून जड झाली होती.

बाबांबरोबर शाळेतले एक ड्रॉइंग मास्तर शिकारीला जात. त्यांना नेम नव्हता, उत्साह होता. कल्याणच्या लष्करी छावणीतलं लढाईनंतरचं बरंच सामान तेव्हा बाजारात मिळे. त्यातून मास्तरांनी हवा भरायची एक रबरी उशी आणली. फुंकून फुंकून ती फुगवली, बाबा तिच्यावर बसले, आणि बसताक्षणी तिने असा काही आवाज केला की मास्तर म्हणाले, "बदकांचं सोडा हो, मलाच उडून जावंसं वाटलं." दुसऱ्या रविवारी तिवराचं मूळ घुसून तिची हवा कायमची गेली.

मी आपलं एक साधं काम केलं. गोणपाटाची पिशवी शिवली आणि तिच्यात भाताचा पेंढा भरला. हलकं, फुकट, भिजलं तर पेंढा फेकून द्यायचा. बाबा त्यावर एकदाच बसले.

"दोन तासांनी पेंढा दबतो आणि काड्या टोचायला लागतात."

"मग दोन तासांनी उठा."

"शिकार घड्याळ बघून येत नसते," ते म्हणाले आणि माळ्यावर चढले. आजोबांची चामड्याची खुर्चीची गादी तिथे आहे असं त्यांना वाटत होतं. ती नव्हती. उतरले ते आईचं बसकर काखेत घेऊन.

"हे बघ," ते म्हणाले, "वजनच नाही याला."

मी हातात घेऊन पाहिलं. कसर लागलेली नव्हती. मधले काही टाके तुटले होते, तेवढंच. म्हटलं, "न्या. बसकर आहे, बसायलाच केलंय."

काकूंनी ते सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं पाहिलं आणि बाबांची सायकल वळणाआड जाईपर्यंत कुंपणाशीच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अगं, पुरुषमाणूस बाहेरच्या बसकरावर?"

"धुतलंय काकू. दोनदा."

"धुतलंयस तू बसकर. तिचं न्हाणं कुठे झालं?" काकूंनी आवाज खाली आणला. "बाहेर बसलेली बाई न्हाल्यावाचून उठत नाही. ती बसूनच राहते. मी माझ्या सासूबाईंकडून ऐकलंय."

"तुमच्या सासूबाई अमावास्येला नखंही काढू देत नव्हत्या ना?"

"नव्हत्याच. आणि शंभरीच्या घरात जाऊन मेल्या," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रविवारी बाबा खुशीत परतले. कंबर दुखली नाही, आग झाली नाही, आवाज नाही, ओल नाही. शिकारही नाही, पण ते असायचंच. मी बसकर मोरीत घेतलं तेव्हा पाहिलं, उजवी बाजू चिखलाने भरली होती आणि डावी कोरडी होती. म्हटलं, कलत्या जागेवर ठेवलं असेल. धुतलं, झोडपलं, सारखं केलं आणि पडवीत भिंतीशी पसरून ठेवलं.

सकाळी त्याच्या डाव्या बाजूला खळगा होता. माणूस बसून उठला की पडतो तसा. फार मोठा नाही. बाबा अंगाने भरलेले होते, त्यांचा तो नव्हता. सावरीचा कापूस दाबला की पुन्हा फुगतो, म्हणून तर आईने तो घेतला होता. मी मांजराला शिव्या घातल्या आणि बसकर उभं करून ठेवलं. आमच्यात तशीही रीत होती, जेवण झालं की पाट भिंतीला उभे करायचे. रिकामा पाट मांडून ठेवायचा नाही. का, ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे तीन-चार रविवार असेच गेले. दर वेळी बाबा थोडे अधिक उशिरा आले आणि थोडे अधिक भिजून आले. आधी पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. काडतुसं नेलेली तशीच परत. दर वेळी बसकराची उजवी बाजू ओली, डावी कोरडी.

"एवढा वेळ काय करता?"

"बसतो."

"पाणी मागे भरतं हे विसरता काय?"

"विसरत नाही गं. उठवत नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर बसलं की कंबरेची कळ जाते, पाय आखडत नाहीत. वेळ जातो कुठे तेच समजत नाही." असं म्हणताना त्यांचा चेहरा फार निवांत होता. तो निवांतपणा मला आवडला नाही. दुखणाऱ्या माणसाची मला काळजी वाटत नाही, तो आपल्याला सांभाळून असतो.

मग एका संध्याकाळी बाबा कचेरीतून यायच्या आत मास्तर आले. बसले नाहीत. दारातच टोपी फिरवत उभे राहिले.

"मी आता तुझ्या बाबांबरोबर जात नाही. म्हटलं, तुला सांगून ठेवावं."

"का? भांडलात?"

"ते तिथे बोलतात."

"मास्तर, तिथे बोलायचं नाही हे त्यांनीच तुम्हाला शिकवलं. तुम्ही शिंकलात म्हणून तुम्हाला बांधावर बसवलं होतं."

"तेच म्हणतोय मी!" मास्तर म्हणाले. "मी शिंकलो तर बदकं उडतात. ते बोलतात तर उडत नाहीत. जवळ येतात, अगदी इथवर. आणि माना पंखांत घालून बसतात, घरच्या कोंबड्यांसारखी. बंदूक त्यांच्या मांडीवर आडवी. मी पलीकडे बसलो होतो ना, म्हटलं, 'अहो, मारा की!' तर मला म्हणाले, 'हळू, तिला डुलकी लागलीय.'"

"कुणाला?"

"मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले. "आणि एक सांगतो, रागावू नकोस. ते बसकराच्या एका कडेला बसतात. एवढं मोठं बसकर आणि निम्मे चिखलात. जसं कुणाला जागा दिलीय."

मी रागावले नाही. मी मास्तरांना चहा दिला आणि ते गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिले. येत्या रविवारी पौर्णिमा होती. पौर्णिमा म्हणजे उधाण. भर दुपारी पाणी चढणार आणि उंचवटा बुडणार. आईवाचून राहायचं मला जमलं होतं. दोघांवाचून राहायची माझी तयारी नव्हती.

बाबांना मी सरळ सांगितलं, या रविवारी जाऊ नका, उधाण आहे. ते म्हणाले, वेळेवर उठेन. बसकर लपवावं असं मनात आलं होतं, पण मग ते त्याच्याशिवाय जातील की त्याच्यासाठी घर उलटंपालटं करतील, हे मला ठरवता येईना. शेवटी म्हटलं, मीही येते. त्यांना आश्चर्य वाटलं, पण नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "तुला बसायला काहीतरी घे. इथे जागा नाही."

इथे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. पेंढ्याची पिशवी पुन्हा भरली आणि कॅरिअरवर मीच तिच्यावर बसले. बसकर बाबांनी पुढे हँडलला बांधलं होतं.

कोलशेतला सकाळी धुकं होतं. मिठाच्या राशी गवताने झाकून ठेवल्या होत्या, त्यांच्या कडांतून तेवढं पांढरं दिसत होतं. मिठागरात कामाला आलेली एक बाई लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि पुन्हा मीठ ओढायला लागली. साडी खोचून, चपला हातात घेऊन मी बाबांच्या मागे ओहोळ ओलांडला. पाणी घोट्याएवढं होतं. ओहोळाच्या काठचं एक वाकडं तिवर मी खूण म्हणून लक्षात ठेवलं.

उंचवट्यावर बाबांनी बसकर पसरलं, हाताने दोन्ही बाजू थोपटल्या, आणि उजव्या कडेला बसले. मास्तर म्हणाले होते तसेच. मी डावीकडून पुढे झाले तेव्हा त्यांनी मान न वळवता सांगितलं, "तू इकडून ये. या बाजूला बस."

मी त्यांच्या उजवीकडे पेंढ्यावर बसले. त्यांच्या पलीकडे निम्मं बसकर रिकामं होतं. निदान त्याच्यावर कुणी दिसत नव्हतं.

धुकं गेलं, ऊन चढलं. भरती लागली तशी बदकं येऊ लागली. आधी लांब, मग जवळ. बंदूक बाबांच्या मांडीवर आडवी. ते काहीतरी बोलत होते, इतक्या हळू की मला शब्द कळत नव्हते, फक्त सूर कळत होता. जेवण झाल्यावर सुपारी कातरत ते आईशी बोलायचे तो सूर. कचेरीतलं, भाजीचं, कुणाच्या लग्नाचं. मध्ये थांबायचे, पलीकडचं बोलणं ऐकावं तसे, आणि मग "हो ना" म्हणायचे. बदकांनी माना पंखांत घातल्या होत्या. मी लहानपणापासून शिकारी घरात वाढले आहे. बंदूकवाल्या माणसाच्या हाताच्या अंतरावर रानबदक झोपलेलं मी कधी ऐकलेलंसुद्धा नाही.

मला तिथे सुस्ती यायला लागली. ऊन उबदार, वारा नाही, कुठलाही आवाज नाही. मिठागरातली फळी चालतेय की नाही, तेही कळेना. असं वाटायला लागलं की बसावं, काय घाई आहे. मला वाचवलं ते माझ्या पेंढ्याने. पेंढा दबला आणि काड्या टोचायला लागल्या. आधी एका बाजूने, मग दोन्ही. मी चुळबुळ केली, कूस बदलली, आणि शेवटी टोचणं असह्य होऊन उभी राहिले. उभी राहिले म्हणून मागे पाहिलं.

ओहोळ नव्हता. वाकडं तिवर अर्ध्यापर्यंत पाण्यात होतं, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे सगळीकडे चकचकीत, सपाट पाणी. समोरची खाडी अजून लांब होती. बांधावरून ती मिठागरातली बाई ओरडत होती. ती केव्हापासून ओरडत होती कोण जाणे, मला आवाज आत्ता ऐकू आला. "आगो बाय, मागं पानी भरलाय! बापासला उठव तुझे!"

"बाबा, उठा. पाणी आलं."

"हं."

"बाबा!" मी त्यांच्या दंडाला धरलं. दंड सैल होता, माणूस जड होता. झोपलेलं मूल उचलताना लागतो तसा भार. पाणी उंचवट्याच्या कडेवर चढून माझ्या पायांशी आलं. मी दोन्ही हातांनी ओढलं तरी ते हलले नाहीत. माझ्याकडे पाहून मात्र हसले, अगदी ओळखीचं, समजूत घातल्यासारखं.

"थांब गं जरा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

हे वाक्य त्यांचं नव्हतं.

मी भूत-पिशाच्च मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. पण जो प्रश्न समोर आहे त्याचं उत्तर द्यावं लागतं, प्रश्न कसा आला त्याचा विचार मागाहून करता येतो. बाबांना मी उठवू शकत नव्हते, कारण बाबा कुणासाठी तरी बसले होते. जिला उठवायचं होतं तिला कसं उठवतात, हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. मी बाबांचा हात सोडला, त्यांच्या पुढून वळसा घालून डावीकडे गेले आणि रिकाम्या बाजूसमोर उभी राहिले. तिथे खळगा पडलेला होता. आणि नेहमी मारायचे त्याच आवाजात हाक मारली. मोठ्याने नाही, पहाटे शेजारी उठू नयेत इतक्या बेताने.

"आई, ऊठ. पाणी काढलंय."

पाणी बसकराच्या कडेला लागलं. मी पाहिलं ते एवढंच सांगते. खळगा भरत गेला. बसकराची डावी बाजू हळूहळू वर आली, कुणी एका हाताने जमिनीला रेटा देऊन उठावं तशी, आधी मागून, मग पुढून. सावरीचा कापूस आहे, पाणी लागलं की वर येणारच. मग सगळी बदकं एकदम उडाली. त्या आवाजाने माझ्या कानठळ्या बसल्या आणि बाबा कंबर धरून ओरडले, "आई गं!" इतक्या दिवसांची कळ त्यांना एका क्षणात परत आली होती. मला फार हायसं वाटलं.

"पाणी कुठवर आलंय हे!" ते म्हणाले. "तू सांगितलं का नाहीस?"

मी उत्तर देत बसले नाही. बंदूक एका हाताने डोक्यावर धरायला त्यांना दिली, त्यांचा दुसरा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि वाकड्या तिवराच्या रोखाने निघालो. मध्ये पाणी माझ्या छातीला लागलं. बाबांचा एक पाय रुतला तेव्हा त्या बाईने बांधावर पालथं पडून आपली मीठ ओढायची फळी पुढे केली. बाबांनी ती धरली, मी मागून ढकललं, आणि ते निघाले. एक चप्पल खाडीला देऊन निघाले.

बांधावर चढल्यावर मी मागे पाहिलं. उंचवटा दिसत नव्हता. बसकर पाण्यावर होतं. भरतीचं पाणी आत, कल्याणच्या दिशेने चाललं होतं आणि ते त्याच्याबरोबर सरळ, सपाट, कुठल्याही बाजूला न कलंडता चाललं होतं. पाण्यात ते अगदी हलकं दिसत होतं. बाबांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"चांगलं होतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "फारच चांगलं होतं."

मिठागरवाली बाई लुगडं पिळत होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ती दुसरी बाय कंची? तुमचे आधी उठून गेली ती?"

मी म्हटलं, आमच्याबरोबर कुणी नव्हतं. ती "बरा" म्हणाली आणि पुन्हा मिठाकडे वळली. तिलाही कामं होती.

घरी आल्यावर मी बंब पेटवला. आधी बाबांना पाणी काढून दिलं, मग मी न्हाले, डोक्यावरून. काकू कुंपणाशी आल्या. माझे ओले केस पाहिले, बाबांचा एक अनवाणी पाय पाहिला, हँडलला बसकर नाही हे पाहिलं.

"उठली?" त्यांनी विचारलं.

"उठली," मी म्हटलं.

काकूंनी मान हलवली आणि नारळ आहे का म्हणून विचारलं, त्यांच्याकडचा कुजका निघाला होता.

पुढच्या रविवारी बाबा पेंढ्याची पिशवी घेऊन गेले. मास्तरही बरोबर होते. जेवायच्या वेळेला दोघं परत आले, कोरडे ठणठणीत, एक बदक घेऊन. ते मास्तरांनी मारलं होतं आणि त्यांना ते स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

"मेलं टोचतं गं ते," बाबा म्हणाले. "दोन तासांवर बसवत नाही. सावरीचा कापूस मिळतो का कुठे, बघ ना."

"नाही मिळत," मी म्हटलं आणि बदक सोलायला घेतलं.